फिरवायचं बटण

खंडेनवमीनंतरचे चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नसतं. ताडकळसच्या बाजारात माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय, आणि त्या चार दिवसांत जेवढे मोबाईल येतात ते सगळे हळदीकुंकवानं माखलेले असतात. औजारांची पूजा करायची रीत हाय, मला मान्य हाय. कोयता, नांगर, ट्रॅक्टर, शिवणमशीन, सगळं पाटावर मांडा, हळदकुंकू लावा, झेंडू वाहा. मोबाईलवर बी पोट चालतं म्हून त्याला बी मांडा, माझी ना न्हाई. पण चार्जिंगच्या भोकात अक्षता कशाला घालता? मागच्या साली एका मास्तरांच्या फोनच्या स्पीकरमधून मी झेंडूची आख्खी पाकळी चिमट्यानं काढली. ते म्हणले, पोरी, आवाज लय बारीक यायलाय. मी म्हणलं, सर, फुलातून बोलायलात, बारीकच येणार.

माझा स्वभाव तापट हाय, हे मी लपवत न्हाई. राजेश्रीकडं मोबाईल न्यायचा तर आधी पोटभर बोलणी खायची तयारी ठेवा, असं लोक एकमेकांना सांगतात आणि तरी माझ्याकडंच येतात. पाण्यात पडलेला फोन ज्वारीच्या पोत्यात तीन दिवस पुरून मग आणतात, वर म्हणतात, ताई, आमी आधीच वाळवून आणलाय. त्या फोनमधून मी ज्वारीची कुसं वेचत बसते. चिडू नको तर काय करू?

तर तो दसऱ्याचा दुसरा दिवस होता, त्यात बाजार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला वच्छलामामी दुकानात आली. मामी म्हणजे नात्यातली न्हाई. फाट्यापलीकडच्या वस्तीवरची बाई, दर बाजारी दुकानापुढून जाताना हाक मारून जाते, म्हून मामी. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, दोन्ही हातांवर उसाच्या पाल्याचे ओरखडे. नवरा-बायको दर साली ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते आणि सहा महिने तिकडं कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालून राहते. त्यांचा ट्रक त्याच दिवशी तीन वाजता बाजारातून निघणार होता.

मामीनं कमरेची पिशवी सोडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काउंटरवर ठेवली. मला वाटलं मोबाईलच असंल. उलगडून बघते तर हातात धरायचा व्हिडिओगेम. वरून विटा पडतात, त्या डावीकडं-उजवीकडं सरकवायच्या, फिरवून बसवायच्या, ओळ भरली की ओळ गायब, तसला. एका बाजूला सरकवायची चार बारकी बटणं, दुसऱ्या बाजूला फिरवायचं एक मोठं. ते मोठं बटण दिसतच नव्हतं. त्याच्यावर कुंकवाचा चिखल बसला होता.

मी डोळे वटारले. ह्याची बी पूजा केली का, म्हून विचारलं. मामी बिलकुल लाजली न्हाई. म्हणली, पाटावर दोन कोयते मांडले, मालकाचा मोबाईल मांडला आणि हे मांडलं. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावलं. फक्त हे फिरवायचं बटण लय कामाचं, बाकीची नुसती सरकवतात, हे वाकडं आलेलं सरळ करतं, म्हून त्याला जरा जास्त लावलं. कोरडं कुंकू प्लॅस्टिकवर टिकंना, मग आधी तेलाचं बोट लावलं.

मी कपाळाला हात लावला. तेल आणि कुंकू आत उतरून बटणाखाली लगदा झाला असणार, हे न उघडताच कळत होतं. दाबून बघितलं तर बटण खाली जातंय पण वीट फिरत न्हाई. मी म्हणलं, मामी, हातात नऊ मोबाईल हायत, हे खेळणं ठेवून जा, चार दिवसांनी बघते. मामी म्हणली, चार दिवसांनी मी उसात असंन. मग नवीन घ्या म्हणलं, जत्रंत ढिगानं मिळतात. तशी ती स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मला सगळी हकीकत सांगितली. त्या नऊ मोबाईलवाल्यांनी मला माफ करावं, पण मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ऐकत बसले.

हा गेम वैजीनाथमामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघता बघता एका फेरीवाल्याकडून घेतला होता. ट्रकमधल्या लांबच्या प्रवासात वेळ जावा म्हून. तीन सालाखाली कारखाना दोन दिवस बंद पडला, तोड थांबली, तवा मामा दिवसभर कोपीपुढं बसून खेळले आणि त्यांनी अकरा हजार चारशेचा आकडा केला. टोळीतल्या पंधरा जोड्यांत तेवढा कुणाचाच झाला न्हाई. मामा फुगले. सगळ्यांपुढं बायकोला म्हणले, हा आकडा मोड, मग रोज पहाटेची चूल मी पेटवीन, चहा मी करीन, तू पांघरुणातच बस. शर्त म्हणजे शर्त.

उसाच्या फडात पहाट तीनला होते. बाईनं उठायचं, चूल पेटवायची, पाणी तापवायचं, चहा करायचा, दुपारच्या भाकरी थापायच्या. गडी चहा हातात आला की उठतो. दीड तासाची झोप, तेवढाच फरक. पण दिवसभर कोयता चालवून मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईला दीड तास म्हणजे काय असतं, ते तिलाच ठाऊक. तीन सालं मामी रोज तीनला उठत होती. त्याच्या आधीची वीस-बावीस सालं बी ती उठतच होती, पण तवा ती रीत होती. आता रोज पहाटे ती हरलेली म्हून उठत होती, आणि पांघरुणातून मामा विचारायचे, काय, आकडा कुठवर आला? मागच्या मोसमात तिचा आकडा दहा हजार नऊशेपर्यंत गेला होता. ह्या साली ती मोडणार होती. तिला खात्री होती. आणि नेमकं तिच्याच हातानं बटण बंद पडलं.

मला मामांचा असा राग आला म्हून सांगू. मी म्हणलं, मामी, एवढी सोपी गोष्ट तुमाला कुणी सांगितली न्हाई का? ह्या गेमचे सेल काढले की आतला आकडा पुसला जातो. अकरा हजार चारशे गायब. मागचं झाकण उघडा, सेल काढा, घाला, शून्यापासून सुरू. म्हणा, सेल संपले होते.

मामीनं माझ्याकडं बघितलं. चिडली न्हाई. शांतपणे म्हणली, "पुसायचा असता तर तीन सालांत कवाबी पुसला असता. मला तो मोडायचाय."

सेल संपत आले की एक काढून पटकन दुसरा घालायचा, आकडा जाऊ द्यायचा न्हाई, ही युक्ती तिची तिनंच शोधून काढली होती. नवऱ्याचा आकडा ती तीन सालं जीव लावून सांभाळत होती, का तर एक दिवस मोडायचा होता. नऊच्या नऊ मोबाईल मी ड्रॉवरमध्ये सारले.

आता अडचण ऐका. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की कुठलीबी वस्तू उघडायच्या आधी बॅटरी काढायची. आणि ह्या गेमचा शेवटचा स्क्रू नेमका सेलच्या खाली होता. सेल काढल्याबिगर झाकण निघत न्हाई आणि सेल काढला की आकडा जातो. मग मी दुसरे दोन सेल घेतले, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एकाला एक घट्ट बांधले, जुन्या चार्जरच्या दोन बारीक तारा सोलल्या आणि गेमच्या सेलच्या स्प्रिंगखाली अलगद सरकवल्या. लाल ती लालला, काळी ती काळीला. मामीला म्हणलं, ह्या तारा दोन बोटांनी दाबून धरा, आणि आता शिंक आली तरी शिंकायचं न्हाई. मामीनं श्वास रोखला. मी आतले सेल एकेक करून काढले. पडद्याच्या कोपऱ्यात अकरा हजार चारशे तसाच होता. आमी दोघींनी एकदमच सुस्कारा सोडला.

स्क्रू निघाला, झाकण बाजूला झालं. आत बघते तर रबराच्या बटणाखाली तेलकुंकवाचा थर. स्पिरिट आणि बारीक ब्रश घेऊन बोर्ड पुसला तर कापूस लालभडक झाला, चार वेळा बदलावा लागला. साफ करता करता खरं दुखणं सापडलं. रबराच्या बटणाखाली काळी टिकली असते, ती बोर्डाला टेकली की बटण दाबल्याचं मशीनला कळतं. फिरवायच्या बटणाची टिकली झिजून गुळगुळीत झाली होती. तीन सालं एक बाई रोज संध्याकाळी तेच बटण दाबत होती, झिजणार न्हाई तर काय. कुंकू लागलं नसतं तरी ते महिन्या-दोन महिन्यांत बसलंच असतं, आणि तवा ती उसात असती. मी मामीला म्हणलं, तुमी पूजा केली ते बरंच केलं. त्यावर ती म्हणली, मंग. एवढंच.

टिकली काय बाजारात वेगळी मिळत न्हाई. माझ्याकडं मेलेल्या टीव्ही रिमोटांचा डबा हाय. त्यातल्या एका रिमोटच्या आवाज वाढवायच्या बटणाची टिकली ब्लेडनं कापली, झिजलेलीच्या जागी गमानं चिकटवली आणि वाळायला ठेवली. गम वाळत आला तवा माझ्या नजरंला आलं की स्प्रिंगपासून बोर्डाला जाणारी जुनी वायर एका धाग्यावर लटकतेय. ती तुटली की सगळं गेलं. मी मामीच्या बोटांतल्या तारा घेऊन झटक्यात थेट बोर्डाच्या टाक्यांवर दाबल्या आणि तिला सोल्डरचं बटण लावायला सांगितलं. तिनं लावलं. आणि लाईट गेली.

बाजाराच्या दिवशी लाईट जाणार, ह्यात नवल काय न्हाई. इन्व्हर्टरची बॅटरी महिनाभरापासून बसलेली, ती माझी चूक. सोल्डर गार, आणि त्या धाग्यानं बी तवाच जीव सोडला, वायर तुटली. आता तो आकडा माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत होता. बोटं सोडली की शून्य. घड्याळात दोनला दहा कमी.

मी वीजमंडळाच्या नावानं जे बोलले ते हितं सांगत न्हाई. मामी मात्र गमाकडं बघत होती. वाळला का, विचारलं. वाळला होता. मी एका हातानं बोर्ड बसवला, गेम काउंटरच्या कडंला उताणा ठेवला आणि खालून हात घालून तारा धरून ठेवल्या. म्हणलं, लाईट येईस्तोवर बटण तरी तपासून घ्या. मामीनं फिरवायचं बटण दाबलं. वीट फिरली. परत दाबलं, परत फिरली. तिच्या तोंडावर जे आलं ते बघून माझं डोकं एकदम थंड झालं.

तपासायचं म्हून तिनं खेळ सुरू केला आणि तो तपासण्यापुरता राहिलाच न्हाई. मी त्या गेमवर पोरं खेळताना लय बघितलीत, दातओठ खाऊन बडवतात. मामी तशी न्हाई. वरची वीट दिसायच्या आधी तिच्या बोटाला ठाऊक असायचं ती कुठं जाणार. डावा अंगठा दोनदा, उजवा एकदा, टक. परत. ऊस तोडताना बुडख्यावर एक घाव, शेंड्यावर एक घाव, मागं टाकला, पुढचा धरला, तसंच. दोन हजार झाले, चार हजार झाले. बाजारातल्या बाया पिशव्या घेऊन दारात थांबायला लागल्या. शेजारच्या चहाच्या हाटेलातली चतुराबाई पळी हातात घेऊनच आली आणि काय चाललंय म्हून विचारायला लागली. मी तिला दबक्या आवाजात शर्त सांगितली. तिनं ती दारातल्या बायांना सांगितली, त्यांनी पुढं. पाच मिनिटांत निम्म्या बाजाराला कळलं की वच्छला नवऱ्याचा आकडा मोडायलीय.

सात हजाराला माझ्या बोटांना मुंग्या आल्या. आठ हजाराला करंगळी हाय का न्हाई तेच कळंना. एक गिऱ्हाईक मागून ओरडलं, ताई, माझा मोबाईल झाला का? सगळ्या बायांनी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो बाजारच करून येतो म्हणला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मग परत वाजला. टोळीच्या मुकादमाला, भुजंगरावाला, थांबायची सवय न्हाई, हे मामीनंच मला सांगितलं होतं. तिनं मान वर केली न्हाई.

दहा हजार दोनशे झाले तवा वैजीनाथमामा आले. उंच, सुकलेला माणूस, खांद्यावर पाण्याचा रिकामा ड्रम. बायकोला शोधायला मुकादमानं धाडलं होतं. दारातल्या बाया बाजूला झाल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. मामांनी बायकोची बोटं बघितली, मग पडद्यावरचा आकडा बघितला. मला वाटलं आता हा माणूस म्हणणार, चल ऊठ, गाडी निघाली. म्हणायला काय लागतं? आणि तेवढ्यानं तीन सालांची चूल अजून एक मोसम तशीच राहिली असती.

मी मामांना खरं तेच सांगितलं, की बोटं बधिर झालीत, तारा सुटल्या तर तिचा खेळ बी जाईल आणि तुमचा आकडा बी जाईल. दोघांचं शून्य. मामांनी ड्रम खाली ठेवला. सदऱ्याला बोटं पुसली. काउंटरच्या ह्या बाजूला आले आणि माझ्या हाताखाली हात घातला.

"सोडा तुमी," ते म्हणले. "मी धरतो."

मी एकेक बोट काढलं आणि त्यांचं एकेक बोट तितं बसलं. पडदा जरा फिका झाला, मग परत नीट झाला. मामीनं खाली बघतच विचारलं, कोण धरायलंय? मी म्हणलं, मामा. तिचा अंगठा चुकला. एक लांब वीट आडवी पडली आणि मधे खड्डा राहिला. दारातल्या बाया हळहळल्या. मामी थांबली न्हाई. तीन विटांत तिनं तो खड्डा उघडला, चौथीत भरला.

तेवढ्यात भुजंगराव स्वतः दारात. वच्छलाबाईला घेऊन यायला धाडलं तर वैजीनाथ बी गायब, चौदा जोड्या ट्रकमध्ये उन्हात बसल्यात, हा काय तमाशा, असं त्यांचं सुरू झालं. मामांनी जागचं न हलता मान वळवली. म्हणले, भुजंगराव, दोन मिनिटं थांबा, हात गुतलाय माझा. भुजंगरावांनी काउंटरखाली वाकून बघितलं, मग पडद्याकडं बघितलं. तो दिवस त्यांनाबी आठवत असणार, शर्त त्यांच्यापुढंच लागली होती. ते आत येऊन उभे राहिले.

अकरा हजार. विटा एवढ्या भरभर पडायला लागल्या की मला नुसत्या रेघा दिसत होत्या. अकरा हजार दोनशे. चतुराबाईनं माझा दंड धरला होता, तिच्या नखांचे वळ दोन दिवस होते. अकरा हजार तीनशे. मामांचे डोळे पडद्यावर आणि खालचा हात दगडासारखा. मामीनं एक वीट फिरवली, परत फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली आणि फटीत सोडली. दोन ओळी एकदम गेल्या. कोपऱ्यातला जुना आकडा हलला. तीन सालांत पहिल्यांदा तो हलला आणि तिच्या आकड्यासंगं वर जायला लागला.

मला रडू आलं, सरळ सांगते. दुसऱ्याच्या चुलीसाठी मी कशाला रडले, कुणास ठाऊक. दारातल्या बायांनी जो कालवा केला तो ऐकून पलीकडचा भाजीवाला काटा टाकून पळत आला. मामी तरी खेळतच होती, बारा हजार शंभरला विटा वरपर्यंत साचल्या तवा थांबली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. अंगठे लाल झाले होते.

मामांनी विचारलं, झालं का, सोडू का आता? आमी सगळ्यांनी मिळून त्यांना गप केलं. लाईट आली नव्हती. आता तिचा आकडा त्यांच्या बोटांत होता. ते बिचारे वाकून तसेच उभे राहिले, घाम नाकावरून गळत होता, आणि मामीनं पदरानं तो पुसला. एवढ्या लोकांत तिनं तो पुसला आणि मामा लाजले.

तीन वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. सोल्डर तापायची वाट बघितली, तुटलेली वायर दोन टाक्यांनी जोडली, माझ्या सेलच्या तारा झटक्यात परत स्प्रिंगखाली सरकवल्या आणि मामांना म्हणलं, आता सोडा. त्यांनी हात बाहेर काढला, बोटं चोळली. तवर ट्रकमधली निम्मी टोळी उतरून दुकानापुढं जमली होती आणि सगळे मामांच्या तोंडाकडं बघत होते. मामांनी घसा साफ केला. म्हणले, शर्त म्हणजे शर्त, उद्यापासून पहाटेची चूल माझी. मग आवाज खाली नेला आणि बायकोला म्हणले, "पण मला चूल पेटवता येत न्हाई."

काय हसलेत लोक. मुकादम हसले, मी हसले, मामा स्वतः हसले. मामी बी हसत हसत म्हणली की त्यात काय, उद्या शिकवते, तीनला उठा माझ्यासंगं. सगळे हसत असताना चतुराबाई मधेच बोलली, आगं, मग तू काय जिंकलीस? तीनला तू बी उठणारच की. हसणं थांबलं. मामीचं तोंड उतरलं. एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मामांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग चतुराबाईकडं वळले. म्हणले, बाई, तुमची चूल मोकळी हाय का? मला आत्ता शिकवा. उद्या हिला उठवायचं न्हाई.

मी झाकण बसवत होते, पाच स्क्रू लावायचे होते, म्हून सगळं नीट बघता आलं न्हाई. पण ऐकू येत होतं. चतुराबाई शिकवायला माझ्याहून कडक. ओलं लाकूड घालू नका, आधी काड्या, फुंकणी तोंडात घ्या, ओढू नका, फुंका. मामा खोकले. पहिल्या खेपंला नुसता धूर झाला आणि माझ्या दुकानात शिरला. दुसऱ्या खेपंला जाळ लागला तवा बाहेर जमलेल्या टोळीनं टाळ्या वाजवल्या. मग पत्ती आधी का साखर आधी, ह्यावरनं बायांत भांडण लागलं आणि तवर दूध उतू गेलं. भुजंगराव घड्याळ बघत होते पण ट्रककडं जात नव्हते.

मी आतले सेल परत घातले, माझ्या तारा काढल्या आणि गेम पुसून मामीच्या हातात दिला. कोपऱ्यात बारा हजार शंभर. ती स्टुलावरून उठायला लागली, चहा आपणच आणू म्हून असंल, सवय ती. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि चांगली झापली, की गप बसून राहा, न्हाईतर परत झाकण उघडीन. ती बसली.

मामा आले. डोळे लाल, मिशीला राख, हातात कप, आणि तो सांडू नये म्हून पावलं मोजून टाकत होते. कप त्यांनी तिच्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले, कसा झालाय ते विचारायचं धाडस न करता. मामीनं एक घोट घेतला. चहा धुरकट असणार, वास माझ्यापर्यंत येत होता. तिनं पाय वर घेतले, स्टुलावर मांडी घातली आणि दुसरा घोट घेतला, सावकाश.

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. भुजंगराव म्हणले, चला वच्छलाबाई, उशीर व्हायलाय.

"थांबा जरा भुजंगराव," मामी म्हणली. "चहा पिऊ द्या."